खिरीतला फोन आणि सौम्य निषेध

आधी खीर

फोन पडला तेव्हा त्याचं चित्रीकरण चालू होतं. आपल्याच मरणाचा व्हिडिओ काढणारा अमेरिकेच्या सीमेअलीकडच्या विंडसर शहरातला तो बहुधा पहिलाच फोन. तो व्हिडिओ पुढे कुणालाच पाहायला मिळाला नाही, पण त्यात काय असेल ते सहज सांगता येतं: आधी पातेलं, मग मोठं पातेलं, मग सगळं पांढरं, आणि शेवटी एक बेदाणा.

दिवस बुद्धपौर्णिमेचा. जागा नदीकाठच्या कम्युनिटी हॉलचं स्वयंपाकघर. चित्राताईंनी सकाळपासून आटवलेली दुधातांदळाची खीर खीरदानासाठी निवत ठेवली होती आणि इथल्या मराठी बौद्ध मंडळींच्या असोसिएशनचा प्रसिद्धिप्रमुख राजरत्न इंगोले स्टुलावर चढून तिचा टॉप अँगल घेत होता. टॉप अँगलची काही एक गरज नव्हती. खीर वरून आणि बाजूने सारखीच दिसते. पण पद मिळालं की माणसाला स्टूल दिसेल तिथे चढावंसं वाटतं. वाफेने चष्मा धुरकटला. तो पुसायला एक हात वर गेला, एका हाताने जमेना म्हणून दुसराही गेला. दुसऱ्या हातात फोन होता हे राजरत्नला आठवलं, तोवर फोन अर्ध्या वाटेवर होता.

"गेली माझी खीर!" चित्राताई ओरडल्या.

"माझा फोन!" राजरत्न स्टुलावरून ओरडला.

"फोन दुकानात मिळतो, इंगोले. खीर मिळते का?"

खीरही मिळते, हे थोड्याच वेळात सिद्ध झालं. असोसिएशनचे अध्यक्ष भाऊसाहेब आत आले. त्यांचा उभा जन्म इकडे गेला होता, पण बोलण्यातलं वाशीम सुटलं नव्हतं. त्यांनी पातेल्यात पाहिलं, राजरत्नकडे पाहिलं आणि निकाल दिला, "बॅटरी पडली म्हंजे जहर हाय बाप्पा ते. एकालेही देऊ नका." अख्खं पातेलं गेलं. दोन माणसं ग्रोसरीत धावली आणि प्लास्टिकच्या कपांतली तयार राइस पुडिंग घेऊन आली. लो-फॅट, व्हॅनिला. खीरदान त्या कपांनी झालं. हेही एक वेळ चित्राताईंनी गिळलं असतं, पण मुलांनी कप चाटून पुसून संपवले आणि एका चिमुरडीने स्पष्ट आवाजात विचारलं, "व्हाय इज इट सो मच बेटर धिस इयर?"

त्या दिवसापासून चित्राताई राजरत्नशी फक्त अधिकृत कारणांसाठी बोलू लागल्या. दुर्दैवाने त्या असोसिएशनच्या सचिवही होत्या, त्यामुळे अधिकृत कारणं पुष्कळ निघाली.


मध्येच एक खुलासा

भिजलेला फोन तांदळात ठेवावा हे सगळ्या जगाला माहीत आहे. हॉलमधल्या प्रत्येकाने ते राजरत्नला स्वतंत्रपणे येऊन सांगितलं.

"तांदळातच पडलाय," तो प्रत्येकाला सांगत राहिला. "फक्त शिजलेल्या."


आणि आता फोन

राजरत्न विंडसरच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. मोटारींच्या दरवाजांच्या बिजागऱ्या त्याच्या टेबलावर येत. बरी असेल तर पुढे, थोडी बिघडलेली असेल तर पिवळी चिठ्ठी, म्हणजे दुरुस्ती, आणि फार बिघडलेली असेल तर लाल चिठ्ठी, म्हणजे भंगार. बिजागरी हातात घेईपर्यंत त्याचा निर्णय झालेला असे. नव्याने लागलेल्या लोकांना तो शिकवायचा, "भावना आणायची नाही. बिजागरीला आईबाप नसतात."

या फोनला मात्र घराणं होतं.

तो धम्मप्रियाने दिला होता. एकुलती एक लेक. शिक्षण संपवून ती पार तिकडे, फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात, ब्रॉसार्डला नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात तिने बाबांसाठी फोन घेतला. नवा कोरा, डब्यातला, सीलबंद. ते सील राजरत्नने स्वतः नखाने फोडलं होतं, आणि फोडताना दीपाला, म्हणजे बायकोला, त्याचाही व्हिडिओ काढायला लावला होता. नंतर हा फोन त्याने खिशात कधी ठेवलाच नाही. तो हातातच असे, म्हणजे कुणी विचारलं नाही तरी सांगता यावं. "पोरीच्या पहिल्या पगाराचा." कारखान्यात सांगून झालं, असोसिएशनमध्ये सांगून झालं, डेट्रॉइटला जाणाऱ्या पुलावर अमेरिकेच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यालाही त्याने सांगितलं. त्या अधिकाऱ्याने फक्त कुठे निघालात एवढंच विचारलं होतं.

नव्या कोऱ्याला महत्त्व होतं, कारण इंगोल्यांच्या घरात एक नियम होता: उतरलेलं नको. लोकांनी वापरून विकायला काढलेल्या सामानाच्या गॅरेज सेलमधून अख्खी घरं उभी राहतात या देशात, पण राजरत्नने कधी तिथला चमचाही आणला नाही. धम्मप्रिया लहान असताना शेजाऱ्यांनी बर्फातले छानसे बूट देऊ केले, तेव्हा त्याने हसून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तस्सेच नवे बूट विकत आणले. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. घरात कुणी विचारलंही नाही. काही नियम घराला खांबासारखे असतात, माणसं त्यांना वळसा घालून चालायला शिकतात.

आणि आता ही लेक शनिवारी यायची होती. जेमतेम एक रविवार राहून परत. ती दूर गेल्यापासून दोघांचं बोलणं तसं मोजकंच झालं होतं. तो विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "येस बाबा, आय एट." बस. पण ते "जेवलीस" या फोनवरून जायचं. तिच्या पहिल्या पगाराला खिरीत बुडवलंय, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार? शनिवारच्या आत फोन जिवंत हवा, आणि हाच हवा. एवढीच राजरत्नची मागणी होती.


सल्ले (एका दमात)

शेजारचा ग्लेन, जो स्वतःचा कित्येक वर्षांचा गंजका ट्रक दर रविवारी उघडून दुरुस्त करतो, तो ट्रकखालूनच म्हणाला की बडी, नवा घेऊन टाक, हल्ली वस्तू दुरुस्त करण्यात अर्थ नाही, आणि कारखान्यातला सहकारी म्हणाला की ब्रॅम्पटनला घेऊन जा, तिथे सगळे आपल्याकडचेच, ब्रॅम्पटनला सगळं होतं, फोन, दात, टॅक्स, सगळं, आणि भाऊसाहेब म्हणाले की उन्हात ठेव, पण ऊन पडेचना, आणि कॉलेजातली मुलं म्हणाली की काका, डेटा क्लाउडवर असेल, तेव्हा राजरत्नने खरोखर एकदा वर पाहिलं, आणि चित्राताईंनी असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की इंगोले यांनी वस्तूंविषयीची आसक्ती सोडावी, दुःखाचं मूळ तेच आहे, खाली सतरा जणांनी हात जोडले, आणि दीपा तेवढी काही बोलली नाही.

दीपा काही बोलत नाही, याचा त्याला तेव्हाच संशय यायला हवा होता.


घरगुती उपाय

त्याने दीपाचा हेअर ड्रायर घेतला. फोन टॉवेलवर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी गरम वारा सोडला. पाणी असतं तर वाळलं असतं. खीर वाळत नाही, आटते. फोनच्या आत हळूहळू बासुंदी झाली. चार्जिंगच्या भोकातून एक सोनेरी थेंब बाहेर आला आणि तिथेच घट्ट झाला.

सकाळी बेसमेंटच्या फटीपासून टेबलापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली होती. इतक्या वर्षांत या घरात मुंगी दिसली नव्हती. राजरत्नला वाटे, थंडीमुळे या देशात त्या नसाव्यातच. त्या होत्या. कारण मिळत नव्हतं, इतकंच.


हुदा

डोनटच्या दुकानाला लागून फोन दुरुस्तीचं एक दुकान होतं. ते चालवणारी हुदा नावाची बाई मूळची बैरूतची, जाड फ्रेमचा चष्मा, आवाज शाळेतल्या हेडबाईंसारखा. तिने फोन हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "वेलदोडा?"

"खीर," राजरत्न म्हणाला.

"आमच्याकडे पण करतात. वर पिस्ते घालतात." तिने फोन उलटसुलट केला. "मिस्टर, खरं सांगू? बदला. दुरुस्त केला तरी पूर्वीसारखा होणार नाही."

"माझ्या मुलीने दिलाय. पहिल्या पगारातून."

हुदाने एक उसासा टाकला. असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बदला म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो, हे तिला माहीत असावं. "उद्या या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाला! पडद्यावर एक हिरवी रेघ होती, आवाज पातेल्याच्या तळातून आल्यासारखा यायचा, पण सुरू झाला. धम्मप्रियाचा वॉलपेपरवरचा फोटो रेघेच्या दोन्ही बाजूंना वाटून हसत होता. राजरत्नचे डोळे भरून येतात न येतात, तोच संदेश आला: अमेरिकेत आपले स्वागत आहे. नदीपलीकडे डेट्रॉइट, त्यामुळे काठावर तिकडचं नेटवर्क पकडून असा चुकार संदेश विंडसरमध्ये कुणालाही येतो. पण हा फोन माघारी यायलाच तयार होईना. असोसिएशनमधली मुलं पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, वर्षानुवर्षं ताटकळत होती, आणि याने एकही फॉर्म न भरता देश बदलला.

"ते होईल ठीक," हुदा म्हणाली. "पण एक विचारू? हा आधी कुणाकडे दुरुस्त केला होता?"

"कुठेच नाही. नवा आहे."

"नाही हो. हे मॉडेल एवढ्यातेवढ्या ओल्याला दाद देत नाही. आत थेंब जाऊ नये म्हणून कडेने डिंक असतो. इथला डिंक कुणीतरी कापून परत लावलाय. पडदा कंपनीचा नाही. बॅटरी बदललेली आहे." तिने चष्म्यावरून पाहिलं. "ज्याने तुमच्या मुलीला हा नवा म्हणून विकला ना, त्याने तिला फसवलं."


फसवलं

एरवी राजरत्न रागावणारा माणूस नव्हता. कारखान्यात त्याच्या डोक्यावर कुणी कॉफी सांडली असती, तरी त्याने कपाच्या झाकणाची क्वालिटी तपासली असती. पण पोर एकटी, परक्या गावी, पहिला पगार हातात, आणि कुणीतरी दुकानदार तिला हसून उतरलेला माल नवा म्हणून देतो, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि त्याचे कान तापले.

"मी सोडणार नाही त्याला," तो घरी येऊन म्हणाला.

"कुणाला?" दीपा कांदा चिरत होती.

"त्या दुकानदाराला. धम्मूला फसवलंय त्याने. फोन वापरलेला आहे, दीपा! उघडलेला!"

दीपाची सुरी थांबली. "जाऊ द्या ना. चालतोय ना आता?"

"अमेरिकेत चालतोय."

"अहो, लांबचं दुकान. फ्रेंच लोक. कशाला नाद?"

ती असं बोलली म्हणूनच तो पेटला. ब्रॉसार्ड क्वेबेकमध्ये, म्हणून त्याने तिकडच्या ग्राहक तक्रार कार्यालयाला फोन लावला. आपला नव्हे, दीपाचा. तिकडून फ्रेंचमध्ये पर्याय वाचून दाखवण्यात आले. राजरत्नचं सगळं फ्रेंच ग्रोसरीतल्या डब्यांवरून आलेलं. साखरविरहित, उघडण्यापूर्वी हलवा, थंड जागी ठेवा, एवढं त्याला येत होतं. या शब्दसंपत्तीवर त्याने नेटाने वाट काढली. शेवटी एक अतिशय गोड माणूस लाइनवर आला, त्याने सगळं इंग्रजीत ऐकून घेतलं आणि सांगितलं की तक्रार खरेदी करणारीनेच करायची असते, पावतीसकट. वडिलांना करता येत नाही.

"पावती कुठे असेल गं?" त्याने दीपाला विचारलं.

"हरवली असेल."

"तुला काय माहीत?"

"मुलं हरवतातच," दीपा म्हणाली आणि गॅरेजमध्ये काहीतरी आणायला गेली. बऱ्याच वेळाने परत आली, ती रिकाम्या हातांनी.


कार्यकारिणीच्या तातडीच्या बैठकीचे इतिवृत्त
(सचिव: चित्राताई)

बैठक अध्यक्ष भाऊसाहेब यांच्या बेसमेंटमध्ये वंदनेने सुरू झाली. प्रसिद्धिप्रमुख राजरत्न इंगोले यांनी फोनची हकिगत सांगितली. हकिगत अपेक्षेपेक्षा लांबली. आपल्या समाजाच्या एका कन्येची परप्रांतात फसवणूक होते, ही बाब वैयक्तिक नसून सामुदायिक आहे, असे मत अध्यक्षांनी मांडले. आपण निवेदने लिहीतच लहानाचे मोठे झालो, हेही लिहू, असे ते म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सभागृहात पाच जण होते.

ठराव: धम्मप्रिया इंगोले हिला वापरलेला फोन नवा म्हणून विकणाऱ्या दुकानदाराचा ही कार्यकारिणी तीव्र निषेध करते. निवेदनावर सभासदांच्या सह्या घ्याव्यात. शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळी इंगोले यांच्या घरी जाऊन धम्मप्रियाची सही घ्यावी.

आयत्या वेळचा विषय: सचिवांनी खिरीचा प्रश्न उपस्थित केला. अध्यक्षांनी तो पुढील बैठकीवर ढकलला. सचिवांनी नापसंती नोंदवली, ती येथे नोंदवली आहे.


शनिवार, बेसमेंटमध्ये, ड्रायरशेजारी

धम्मप्रियाची गाडी स्टेशनात यायला अवकाश होता. वर पोह्यांचा, वांग्याच्या भाजीचा वास भरून राहिला होता. राजरत्न इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला, तर दीपा ड्रायरमधून काढलेले कपडे घडी करत होती. एकच टॉवेल ती सारखा घडी करत होती आणि उलगडत होती.

"भाऊसाहेबांना फोन करा. म्हणावं येऊ नका."

"का?"

"करा ना."

"दीपा, सगळ्या गावाच्या सह्या घेतल्यात त्यांनी. डेट्रॉइटवाल्यांच्यासुद्धा."

तिने टॉवेल ठेवून दिला. "तिला कुणी फसवलं नाही. तिला माहीत होतं."

राजरत्नला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"जुनाच घेतला तिने. माहीत असून. घराचं भाडं, डिपॉझिट, थंडीचे कोट, पहिला पगार कुठे उरतो? पण तिला म्हणे पहिल्या पगारातूनच घ्यायचं होतं बाबांना. मला फोन करून रडली. आई, जुना दिला तर बाबा घेणार नाहीत. मी म्हटलं, घेऊन ये, बघू."

"पण सील होतं. मी फोडलं."

"मी लावलं होतं ते. स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलं, वरून हेअर ड्रायर फिरवला. चांगलं ताणून बसलं होतं." तिच्या आवाजात, अशा वेळीही, किंचित अभिमान होता.

राजरत्न वॉशिंग मशीनला टेकला. आतले कपडे फिरत होते, त्याच्या पाठीला त्याचा धक्का लागत होता.

"मला सांगायचं होतंस."

"खिशात घातला असता तुम्ही?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. वाशीमला त्याची आई ज्यांच्याकडे भांडी घासायची, त्या घरातल्या मुलाचा शर्ट त्याला मिळाला होता. चांगला होता. निळा. तो घालून राजरत्न चौथीच्या वर्गात गेला, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाने सगळ्यांसमोर म्हटलं, अरे, हा तर माझा. वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. नुसतं ओळखीचं काही दिसल्यावर म्हणतात तसं. दिवसभर राजरत्न हात छातीशी घट्ट धरून बसला, जणू त्याने शर्ट झाकला जाणार होता. हे त्याने लग्नानंतर एकदाच दीपाला सांगितलं होतं, तेही दिवे गेलेले असताना.

"तिला माहीत आहे?" त्याने विचारलं. "ते शर्टाचं?"

"नाही. तिला एवढंच माहीत आहे की बाबांना उतरलेलं चालत नाही. नवं देऊ शकले नाही म्हणून लाजली पोर." दीपाने डोळे टॉवेलला पुसले. "आणि आता हे सगळं गाव येऊन तिला विचारणार, कुठल्या दुकानातून घेतलास, पावती दाखव, सही कर."

वर बेल वाजली.


वर

बेल भाऊसाहेबांनी वाजवली होती. मागे चित्राताई, त्यांच्या मागे कार्यकारिणीचे उरलेले सभासद, आणि त्या सगळ्यांच्या मागे, पाठीला बॅग लावून, धम्मप्रिया. गाडी वेळेआधी आली होती म्हणून ती टॅक्सीने आली, आणि भाऊसाहेबांनी तिला ड्राइव्हवेतच गाठलं होतं.

"जय भीम," भाऊसाहेब म्हणाले. "पोरगी दारातच भेटली. काम झटक्यात होते आता."

"बाबा, व्हॉट इज हॅपनिंग?" धम्मप्रिया म्हणाली. तिने आत येऊन आईला मिठी मारली, पण नजर भाऊसाहेबांच्या हातातल्या फायलीवर.

भाऊसाहेब बसले नाहीत. निवेदन उभ्याने वाचायचं असतं. त्यांनी घसा साफ केला, "आम्ही खाली सह्या करणारे," इथपासून सुरुवात केली आणि "वापरलेला, पूर्वी उघडलेला व दुरुस्त केलेला फोन," या शब्दांपाशी आले, तेव्हा राजरत्नने लेकीकडे पाहिलं. बॅगेचा पट्टा तिने दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला होता.

"हू... हू ओपन्ड इट?" ती कशीबशी म्हणाली.

"तेच तर शोधून काढाचं हाय, पोरी. दुकानाचं नाव सांग फक्त."

"मी," राजरत्न म्हणाला.

भाऊसाहेबांनी कागद खाली घेतला. "तू काय?"

"मी उघडला. म्हणजे, उघडून घेतला." राजरत्न दर रविवारी पाच शीलं घ्यायचा, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. ते मोडायला त्याने कार्यकारिणीचा पूर्ण कोरम निवडला. "हिवाळ्यात फावडं घेऊन बर्फ शोव्हल करताना पडला माझ्या हातून. पडदा फुटला. पोरीने दिलेला, म्हणून कुणाला बोललो नाही. गुपचूप बदलून घेतला."

"कुठून?"

"ब्रॅम्पटनहून."

"ब्रॅम्पटनले तू कधी गेला होता?"

राजरत्न प्रसिद्धिप्रमुख होता, खोटं बोलण्याचा त्याचा अनुभव फोटोखाली "प्रचंड प्रतिसाद" लिहिण्यापुरताच.

"लग्नाला नाही का गेलो," दीपा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "शुभंकरच्या. तेव्हाच केलं यांनी. बॅटरी पण." शुभंकर नावाचा कुणीही नातेवाईक त्यांना नव्हता.

"म्हंजे तुले माहीत होतं? अन् तरी बेसमेंटमध्ये बसून आमाले तासभर फसवलं-फसवलं ऐकवलं?"

"लाज वाटली, भाऊसाहेब."

एवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते इतकं खरं निघालं की कुणी पुढे विचारलं नाही. फक्त चित्राताई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. ज्याच्या हातून खिरीत पडतो, त्याच्या हातून बर्फात पडणारच." खिरीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या समाधानी दिसल्या.

प्रश्न उरला निवेदनाचा. एवढ्या सह्या झालेल्या, टाळ्या वाजलेल्या, आणि निषेध करायला माणूसच नाही. भाऊसाहेबांना हे सहन होणारं नव्हतं. त्यांनी डायनिंग टेबलावर फाइल पसरली, पेन काढलं, "दुकानदाराचा" हा शब्द खोडला. "ठराव रद्द करता येत नाही," ते म्हणाले. "दुरुस्ती करता येते." मग बराच वेळ विचार करून त्यांनी "तीव्र"ही खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं. आता ठराव असा झाला: असोसिएशनचे प्रसिद्धिप्रमुख राजरत्न इंगोले यांच्या हलगर्जीपणाचा ही कार्यकारिणी सौम्य निषेध करते.

"अनुमोदन?" त्यांनी विचारलं.

"अनुमोदन," राजरत्न म्हणाला. नियमाप्रमाणे त्याला ते देता येत नव्हतं, पण चित्राताईंनी तेवढं चालवून घेतलं. मग सगळे जेवायला बसले. वांग्याची भाजी दोनदा वाढून झाली, आणि निषेध झालेल्या माणसाला सगळ्यात मोठं वांगं मिळालं.


मागच्या पायऱ्यांवर

मंडळी आत चहाला थांबली होती. राजरत्न मागच्या अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांवर येऊन बसला. थोड्या वेळाने दार सरकलं आणि धम्मप्रिया शेजारी येऊन बसली. कुंपणापलीकडे ग्लेनचा ट्रक खोकत होता.

"बाबा, यू नेव्हर ड्रॉप्ड इट इन द स्नो."

"पडला ना."

"यू डोन्ट ईव्हन शोव्हल. आई डझ."

राजरत्न ट्रककडे पाहू लागला.

"आईने सांगितलं तुम्हाला," ती मग मराठीत म्हणाली. हळू, एकेक शब्द बघून टाकत, जशी बर्फावरून चालताना पावलं टाकतात. "सॉरी, बाबा. मला नवीन पाहिजे होता. तुमच्यासाठी. पण..."

"जेवलीस ना नीट?" राजरत्न म्हणाला.

ती हसली आणि तिला रडू आलं, दोन्ही एकदम. नाक ओढून तिने त्याच्या हातातला फोन घेतला. हिरवी रेघ पाहिली, कानाला लावून पाहिला. "इट्स डाइंग, बाबा. इट थिंक्स इट्स इन अमेरिका." फोन मांडीवर ठेवून ती म्हणाली, "आता मी घेऊ शकते. खरंच. माझं प्रोबेशन संपलं. उद्याच नवा घेते, शोरूममधून, तुमच्यासमोर उघडू."

"घे," राजरत्न म्हणाला.

"ओके!"

"पण तो तुला. तुझा हा मला दे."

धम्मप्रियाने स्वतःच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. कॉलेजपासूनचा. एका कोपऱ्याला तडा, पाठीवर कसलेसे स्टिकर, त्यातला एक अर्धा खरवडलेला. "माझा? बाबा, हा... आय हॅव यूज्ड धिस फॉर इयर्स. हा जुना आहे."

"चालतो ना?"

"चालतो. बट..."

"मग झालं."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. राजरत्नने हात पुढे केला होता, आणि तो हात थोडा अवघडला होता, कारण अशा कामासाठी तो याआधी कधी पुढे झाला नव्हता. तिने फोन त्याच्या तळव्यावर ठेवला. कोमट होता, तिच्या हातातला.

"थांबा, मला तो रीसेट करावा लागेल," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं सगळं आहे त्यात. आणि चालू केला की वर माझं नाव येतं, धम्माज फोन. लोकांना दिसतं ते. मी काढून देते."

राजरत्नने स्टिकरवरून अंगठा फिरवला.

"बाकीचं काढ," तो म्हणाला. "नाव राहू दे."